सायकल दिली, साइडपट्टीचे काय?

मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली वाटण्याचा सोहळा आता खेडोपाडी सवयीचा झाला आहे. शाळेच्या मैदानात नव्या कोऱ्या सायकली रांगेने उभ्या राहतात, पाहुणे येतात, हार-तुरे होतात, फोटो निघतो. योजना चांगली आहे, यात वाद नाही. राज्यातल्या मागास ठरलेल्या १२५ तालुक्यांत २०११ पासून ती राबविली जाते आणि नांदेड जिल्ह्यातले अनेक तालुके तिच्यात आहेत. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. २०२२ मध्ये सायकलीमागची रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये करण्यात आली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलगी दप्तर कॅरिअरला लावून डांबरी रस्त्यावर येते, तेव्हा तिथे पाहुणे नसतात. मागून वाळूचा हायवा येत असतो, समोरून एसटी येत असते आणि खाली उतरावे म्हटले तर साइडपट्टीच नसते. सायकल कुणाला द्यायची, कोणत्या मापाची द्यायची, पावती कशी जोडायची याचे नियम शासनाने बारकाईने केले. ती सायकल ज्या पाच किलोमीटरवर चालायची, तो रस्ता सायकलीच्या लायकीचा आहे की नाही, हे बघण्याचे काम मात्र कुणाच्याच टेबलावर नाही. आजचा प्रश्न एवढाच आहे.

सायकल कोण चालवतो?

मोटारसायकली आल्यापासून सायकली कमी झाल्या हे खरे आहे. पूर्वी लग्नात सायकल मिळाली तर पंचक्रोशीत नाव व्हायचे, आता फटफटीशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. पण म्हणून सायकल संपली, असे समजण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या शंभरातल्या जवळपास ४५ घरांत सायकल होती, आणि कामाला जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलवर जात होते. आपल्याकडे आज सायकलवर कोण दिसते? शाळेची पोरं-पोरी, डेअरीवर दुधाचे कॅन घालणारा माणूस, सालगडी, एमआयडीसीतला रोजंदार, रात्रपाळीचा वॉचमन आणि ज्याला मोटारसायकल चालवता येत नाही असा म्हातारा शेतकरी. म्हणजे ज्यांचा शब्द तहसीलच्या बैठकीत पोहोचत नाही, तेच नेमके सायकलवर उरले आहेत.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यात सायकलस्वार चार हजारांच्या वर होते. महाराष्ट्रातले एकूण मृत्यू पंधरा हजारांच्या पुढे गेले. सायकलवाल्याचा आकडा एकूण बेरजेत लहान दिसतो, म्हणून तो कुणाच्या डोळ्यात येत नाही. पण सायकलवाला कुणाला मारत नाही, तो फक्त मरतो. त्याच्या बाजूने हा आकडा वाचायचा असतो.

अपघात झाला की चावडीवर पहिले वाक्य ठरलेले असते, ‘‘मधूनच चालला होता की राव! बाजूनं जायला काय झालं होतं?’’ पंचनाम्यातही पुष्कळदा तोच सूर उतरतो. बाजूने जायला काय झाले होते, याचे उत्तर मात्र रस्त्यावर जाऊन टेप लावल्याशिवाय सापडत नाही. तेच आता करून बघू.

रस्त्याचा अर्धा भाग गेला कुठे?

पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिच्यातून झालेला आपल्या भागातला नेहमीचा रस्ता घ्या. सपाट मुलखात त्याची डांबरी पट्टी ३.७५ मीटर, आणि साइडपट्ट्यांसह पूर्ण रुंदी ७.५ मीटर धरलेली असते. रहदारी फारच कमी असेल तिथे ही मापे आणखी लहान होतात, ते सोडा. साडेसातातून पावणेचार गेले की पावणेचार उरतात. म्हणजे कागदावर जेवढे डांबर, तेवढीच दोन्ही बाजूंची मिळून साइडपट्टी! अर्धा रस्ता हा साइडपट्टीचाच आहे. आपल्या गावच्या रस्त्यावर जाऊन बघा, हा अर्धा भाग सापडतो का.

आता एसटी किंवा ट्रक घ्या. त्याची रुंदी सुमारे अडीच मीटर. ३.७५ मधून ती वजा केली की सव्वा मीटर उरते, आणि तीही गाडी अगदी एका कडेला धरून चालली तर. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली दुधाची सायकल सहज एक मीटर जागा घेते. मधले अंतर उरले वीतभर. आणि समोरून दुसरी गाडी आली तर तेवढेही नाही. अशा वेळी दोन्ही गाड्यांनी एकेक चाक साइडपट्टीवर उतरवून एकमेकांना वाट द्यायची, अशी हा रस्ता आखतानाच अपेक्षा असते. प्रत्यक्षात ट्रकवाला उतरत नाही, सायकलवाल्याला उतरावे लागते.

उतरायचे कुठे, हा पुढचा घोळ. आपली जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावर टाकलेला मुरूम नीट दाबला नाही की दोन पावसाळ्यांत वाहून जातो आणि डांबराची कड उघडी पडते. मग रस्त्याला नवे डांबर मंजूर होते. डांबराचा थर वर चढतो, साइडपट्टी जिथल्या तिथे राहते. असे दोन-तीन वेळा झाले की डांबराची कड आणि खालची माती यांत चांगली चार-सहा बोटांची पायरी तयार होते. सायकलचे चाक त्या पायरीवरून तिरपे खाली गेले की हँडल हातात राहत नाही. पुन्हा वर चढवताना तर चाक कडेला घासून सायकल आडवी होते, ती नेमकी मागून येणाऱ्या गाडीच्या बाजूला. ‘‘मधूनच चालला होता’’ याचा खरा अर्थ हा आहे. तो मधून चालत नाही, तो पायरीपासून लांब चालतो.

तेव्हा साइडपट्टी म्हणजे रस्त्याची उरलेली जागा नव्हे, तो सायकलवाल्याचा, पायी चालणाऱ्याचा आणि बैलगाडीचा रस्ता आहे. डांबर चांगले झाले म्हणून आपण ठेकेदाराला शाबासकी देतो. पण डांबर जितके गुळगुळीत, तितका गाड्यांचा वेग जास्त. आणि वेग जितका जास्त, तितकी साइडपट्टीची गरज मोठी. एक हात दिला आणि दुसरा काढून घेतला, असा हा व्यवहार आहे.

चौपदरी आली, गाव दोन झाले

दुसरा प्रकार मोठ्या रस्त्यांचा. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा, सोनखेड करीत नांदेडला येणारा आणि पुढे अर्धापूर, हदगावमार्गे यवतमाळ-नागपूरकडे जाणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. जुन्या रस्त्याने लातूर-नांदेड करताना माणूस मोडून यायचा. रस्ता रुंद झाल्याने दवाखाना जवळ आला, बाजार जवळ आला, शेतमालाची गाडी लवकर पोहोचू लागली. हे कुणी नाकारू नये. अकोल्याहून हिंगोली, वारंगा, नांदेड, देगलूर करीत तेलंगणात संगारेड्डीकडे जाणारा १६१ आणि बार्शीहून लातूर, उदगीर, देगलूरमार्गे बोधनकडे जाणारा ६३ हेही आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले मोठे मार्ग.

पण जिथे रस्ता चौपदरी होतो, तिथे मधोमध दुभाजक येतो. गाव एका बाजूला आणि शाळा, शिवार किंवा बसथांबा दुसऱ्या बाजूला, अशी अवस्था होते. दुभाजकाचा कट एक किलोमीटरवर असेल तर सायकलवाल्याने नियम पाळून एक किलोमीटर पुढे जायचे आणि पलीकडच्या बाजूने एक किलोमीटर परत यायचे. नुसता रस्ता ओलांडायला दोन किलोमीटर! जाण्या-येण्याचे मिळून रोजचे चार. मोटारीला हे दोन मिनिटांचे काम, पण पायाने पॅडल मारणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला तो रोजचा अर्धा तास आहे. मग काय होते? सायकल उलट्या दिशेने कडेकडेने चालते, नाहीतर उचलून दुभाजकावरून पलीकडे नेली जाते. आपण त्याला बेशिस्त म्हणतो. लोक उलट्या दिशेने का जातात, हे इंजिनिअरने नकाशावर बघितले तर ती बेशिस्त नव्हे, आराखड्यातली चूक आहे असे दिसेल. जिथे गावाची वर्दळ आहे तिथे सर्व्हिस रोड दिला, ओढ्याच्या पुलाखालून किंवा वेगळ्या बोगद्यातून सायकल-बैलगाडीला वाट दिली, तर कुणाला हौस नाही उलटे जाण्याची.

वेगाचा हिशेबही समजून घ्या. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरपर्यंत मुभा आहे, इतर रस्त्यांवर ७०. ताशी ८० ने येणारी गाडी एका सेकंदाला २२ मीटर कापते. सायकल दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी ३३ मीटर पुढे आलेली असते. ताशी ३० च्या वेगाने धडक बसली तर उघड्यावरचा माणूस बहुतेक वेळा वाचतो, वेग ५० च्या पुढे गेला की वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते. म्हणून गावाजवळ वेग उतरवणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय.

पण गाव काय करते? एक अपघात झाला की रात्रीतून रस्त्यावर मातीचा नाही तर काँक्रीटचा उंटासारखा गतिरोधक उभा राहतो. ना त्याला पांढरे पट्टे, ना आधी फलक. अंधारात त्यावर पहिला आदळतो तो सायकलवाला आणि मोटारसायकलवर मागे बसलेली बाई. इंडियन रोड्स काँग्रेस ही देशातली रस्त्यांची मापे ठरविणारी संस्था. तिच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच, पसरट असावा लागतो. आणि तो महामार्गावर नाही, तर गावचा रस्ता महामार्गाला मिळण्याआधी गावच्या रस्त्यावर घ्यायचा असतो.

ऊस, कडबा आणि आपण

सगळा दोष सरकारवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की मांजरा पट्ट्यात आणि अर्धापूर भागात रात्रंदिवस उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. मधल्या रस्त्यात टायर फुटले की ट्रॉली तिथेच, चार दगड लावून, अंधारात उभी. सायकलवाल्याला ती ओलांडायला रस्त्याच्या मध्यावर यावे लागते आणि तिथे समोरून गाडी असते. सकाळी निघताना दगड तिथेच राहतात, ते वेगळे. कारखान्यांनी करार करतानाच प्रत्येक ट्रॉलीला मागे-बाजूला चांगले रिफ्लेक्टर आणि दिवा सक्तीचा करावा, वजनकाट्यावर तो तपासावा आणि नसेल तर ट्रॉली गव्हाणीकडे सोडू नये. काट्यावर उसाचा किलो-किलो मोजला जातो, तिथे एक दिवा मोजणे जड नाही.

तीच गत सोयाबीन-तुरीची. रास करायला डांबरी रस्ता सोयीचा वाटतो, गुळी नि कडबा साइडपट्टीवर रचला जातो. काही ठिकाणी बांध सरकत सरकत साइडपट्टीवर आलेला आहे, नांगराचे शेवटचे तास डांबराला टेकते. वळणावर वेडी बाभूळ माजून समोरचे दिसत नाही. रस्त्याची जागा खायची आणि त्याच रस्त्यावर आपले पोर पडले की शासनाच्या नावाने बोटे मोडायची, हे बरोबर नव्हे.

आणि सायकलस्वारानेही स्वतःपुरते करावे. मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे पांढरा, दोन्ही ब्रेक चालू, संध्याकाळी फिकट रंगाचा सदरा. यापलीकडे मात्र त्याच्या हातात फार काही नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. रिफ्लेक्टरने पायरी बुजत नाही.

नांदेडने केले होते, पण…

सायकलीसाठी वेगळी वाट ही परदेशी कल्पना आहे, असे कुणी म्हणेल तर त्याला नांदेड दाखवावे. २००८ साली गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळा झाला. त्यानिमित्ताने केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी अभियानाचा पैसा आला आणि नांदेड-वाघाळा महापालिकेने शहरातले प्रमुख रस्ते नव्याने आखून घेतले. फूटपाथ, सायकलपट्टी, झाडांची रांग, गाड्या लावण्याची जागा, असे प्रत्येकाचे वाटे करून रस्ते बांधले. त्या काळात देशातल्या मोठमोठ्या शहरांनाही हे सुचले नव्हते, आणि नगररचनेच्या जाणकारांनी नांदेडचे नाव उदाहरण म्हणून घेतले. आपल्या मराठवाड्यातल्या गावाने हे करून दाखवले, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

पण शहरातून फिरताना आज काय दिसते? सायकलपट्टी ही सायकलीपुरती राहिलेली नाही. कुठे मोटारसायकली उभ्या, कुठे हातगाडे, कुठे दुकानाचा माल. पट्टी आखणे हे एका वर्षाचे काम होते, ती राखणे हे रोजचे काम आहे. बांधायला निधी येतो, राखायला येत नाही. शिवाय ती पट्टी शहराच्या हद्दीत संपते. बाहेरून येणारा दूधवाला, मजूर आणि विद्यार्थी हद्दीच्या पलीकडे पुन्हा त्याच उघड्या कडेवर. खेड्याने यातून घ्यायचा धडा असा की, नुसते काम मागू नये, त्याची देखभालही कागदावर मागावी.

हा काही नवा शोधही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ सालीच सायकलपट्टीची मापे लिहून ठेवली. ज्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी तासाला २०० पेक्षा जास्त मोटारी धावतात, तिथे तासाला १०० सायकली असल्या तरी वेगळी पट्टी योग्य ठरते, आणि ती किमान दोन मीटर रुंद असावी, असे त्यात आहे. शाळा भरताना-सुटताना तालुक्याच्या गावाजवळ किती सायकली जातात, हे शिक्षकांनी एक दिवस फाटकावर उभे राहून मोजले तर कळेल. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात, कलम १२४ मध्ये, सायकलीवर कर बसविण्याची तरतूद झाली. कर लावायला सायकल दिसली, रस्ता करताना दिसली नाही!

सायकलीने काय होते, ते बिहारने दाखवले. तिथे २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना निघाली. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. म्हणजे सायकल ही शिक्षणाचीच पायरी. पण एका गावात एका मुलीला अपघात झाला, तर त्या गावातल्या बाकीच्या दहा मुलींची सायकल घरात टांगली जाते आणि त्यातल्या दोन-चार जणींची शाळा सुटते. शाळा सुटली की लग्नाची घाई सुरू होते. रस्त्याच्या कडेचा मुरूम आणि मुलीची दहावी यांचा संबंध इतका जवळचा आहे.

हॉलंडचे नाव आज सायकलीचा देश म्हणून घेतात. पण तोही जन्मतः तसा नव्हता. तिथे १९७१ मध्ये रस्त्यांवर तीन हजारांवर माणसे मेली, त्यांत चारशेहून जास्त लहान मुले होती. आया-बाप रस्त्यावर उतरले, मुलांचे बळी थांबवा म्हणून चळवळ केली आणि सरकारला सायकलीसाठी जागा सोडायला लावली. मागितल्याशिवाय तिथेही मिळाले नाही.

पैसा नाही, हे कारण किती खरे?

अधिकाऱ्यांचे नेहमीचे उत्तर असते, सायकली आहेत किती, त्यांच्यासाठी एवढा खर्च कशाला? याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की साइडपट्टी फक्त सायकलवाल्याच्या कामाची नाही. पायी चालणारा, बैलगाडी, पाळीव जनावरे, पंक्चर झालेली जीप आणि मुख्य म्हणजे मोटारसायकलवाला, जो आज रस्त्यावर सर्वांत जास्त मरतो, त्या सगळ्यांना ती लागते. दुसरे असे की पुष्कळ ठिकाणी हा खर्च आधीच मंजूर असतो. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची पाच वर्षे देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते. त्यात साइडपट्टी भरणे, पावसाने पडलेल्या घळी बुजविणे आणि झुडपे तोडणे ही कामे येतात. रस्त्याच्या तोंडाशी जो फलक असतो, त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीची मुदत लिहिलेली असते. किती सरपंचांनी तो फलक वाचून पाचव्या वर्षाच्या आत पत्र दिले आहे? मुदत संपल्यावर ओरडून काय उपयोग! बैल गेला आणि झोपा केला.

चौपदरीवर बोगदा किंवा सर्व्हिस रोड याला मात्र खरोखर मोठा पैसा आणि जमीन लागते. तिथे लगेच होईल अशी आशा दाखवणे खोटे ठरेल. पण निदान कट कुठे असावा, थांबा कुठे असावा, हे गावाला विचारून ठरवायला पैसा लागत नाही.

कुणाकडे आणि काय मागायचे?

आपले अर्ज पुष्कळदा चुकीच्या दारात पडून राहतात. म्हणून आधी रस्ता कुणाचा, हे बघावे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची तक्रार ‘मेरी सडक’ या मोबाइल अॅपवर फोटोसह करता येते.

ग्रामसभा वर्षातून चार वेळा व्हायलाच हवी. त्यातल्या एका सभेत, मुख्याध्यापकांना बोलावून, गाव ते शाळा या रस्त्याचा ठराव घ्यावा. ‘रस्ता दुरुस्त करावा’ असा मोघम ठराव नको. अमुक ओढ्यापासून तमुक फाट्यापर्यंत साइडपट्टी इतके बोटे खाली आहे, अमुक वळणावर बाभूळ आहे, फाट्यावर गावच्या बाजूला मापाचा गतिरोधक आणि फलक हवा, असा टेप लावून लिहिलेला ठराव हवा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने, म्हणजे आपल्या जुन्या ग्रामसेवकाने, त्याची पोच घेऊन ठेवावी. डांबरीकरणाचे नवे अंदाजपत्रक होत असेल तर त्यात साइडपट्टी भरण्याची बाब आहे का, हे आधी विचारावे. ती बाब शेवटी कापली जाते, हा अनुभव आहे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस, आरटीओ आणि बांधकाम खाते तिथे एका टेबलाशी बसतात. ठरावाची एक प्रत तिथे जावी. राष्ट्रीय महामार्गावर पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर इजेचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ धरली जाते आणि तिथे सुधारणा करावी लागते. पण त्यासाठी पोलिसांत नोंद हवी. गावातल्या गावात मिटवलेला अपघात या हिशेबात कधीच येत नाही.

कायद्याचा आधारही आता आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८-अ आले. रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे न केल्याने कुणी मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार प्राधिकरणाला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण दोष नेहमी चालवणाऱ्याचाच, ही समजूत कायद्यानेच मोडली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्व राज्यांना सांगितले की, पायी चालणारे आणि बिनमोटारीची वाहने यांच्याविषयी, तसेच राष्ट्रीय महामार्ग सोडून इतर रस्त्यांच्या मानकांविषयी सहा महिन्यांत नियम करावेत. आपल्या आमदारांना हे नियम कुठवर आले, एवढा प्रश्न विचारायला हरकत नाही.

अपघात झालाच तर

हेही माहीत असलेले बरे. २०२५ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस अडवून ठेवू शकत नाहीत, कायद्याने त्याला संरक्षण आहे. गाडी ठोकर मारून पळून गेली आणि सापडली नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज आपल्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसील कार्यालयात द्यायचा असतो. गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा करावा. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूसाठी दोन लाखांची तरतूद आहे, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. सायकलवाल्याजवळ लायसन नव्हते, विमा नव्हता, म्हणून काही मिळणार नाही, असे सांगणारे भेटतात. सायकलीला लायसन लागतच नाही. अशा बोलण्यावर जाऊ नये.

पण ही सगळी घटना घडून गेल्यानंतरची व्यवस्था. दोन लाखांचा चेक घरात आला म्हणून घर भरत नाही. त्या पैशाच्या कितीतरी कमी खर्चात त्या वळणाची बाभूळ निघाली असती आणि चार ब्रास मुरूम पडला असता. येत्या ग्रामसभेला जाताना सरपंचांनी, सदस्यांनी आणि पालकांनी एवढेच करावे. शाळेच्या रस्त्याने पायी किंवा सायकलवर जावे, हातात टेप घ्यावी आणि डांबराच्या कडेपासून साइडपट्टी किती खाली आहे, हे मोजून वहीत लिहून आणावे. ते आकडे ठरावात उतरले की पुढच्या अंदाजपत्रकातून साइडपट्टी सहजासहजी कापता येणार नाही.